खऱ्या दरवाजापुढचा फोटो

गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या भिंतीवर वाळवंटातला तो सुप्रसिद्ध दगडी दरवाजा होता, आणि गल्लीतलं एकही माणूस कधी वाळवंटात गेलेलं नव्हतं. याचं सगळं श्रेय फोटोकाकांना. त्यांच्या स्टुडिओत छतापासून जमिनीपर्यंत सोडलेला एक पडदा होता. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने कॅलेंडरवरचं चित्र बघून त्यावर तो दरवाजा काढला होता. उजव्या बाजूला खाली उंदराने पडदा कुरतडला, तेव्हा तिथे ठिगळ लावून त्याच पेंटरकडून वर एक बसलेला उंट काढून घेतला. उंट बसलेला का, असं कुणी विचारलं की काका म्हणत, "दमलाय." भोक जमिनीपासून वीतभर उंचीवर होतं, हे सांगायची काही गरज नव्हती.

त्या पडद्यापुढे नवी जोडपी उभी राहिली, बाळं आडवी झाली, निवृत्त माणसं खुर्चीत बसली. परगावच्या पाहुण्यांना "आम्ही तिकडे गेलो होतो ना, तेव्हाचा" असं दडपून सांगणारीही दोन-चार घरं होती. काकांच्या कानावर ते आलं की ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मनातून सुखावत.

पडद्यात दोष एकच. त्याचा डावीकडचा दांडा भिंतीत ढिला झाला होता. पंखा लावला की दरवाजाचा डावा खांब पोटात कळ आल्यासारखा वाकायचा, आणि पंखा बंद केला की गिऱ्हाईक घामाने वितळायचं. यावर काकांनी एक तोडगा काढला होता. तो तोडगा म्हणजे काकू. गिऱ्हाईक जागेवर बसलं, हनुवटी खाली गेली, श्वास रोखला गेला की काका काळ्या कापडाखालून म्हणत, "अगं, जरा धर." मग काकू पडद्यामागे जाऊन डावा कोपरा ताणून धरत. पुढून कळ दाबल्याचा आवाज आला की सोडत आणि भाजीकडे बघायला जात. इतक्या वर्षांत एकाही फोटोत खांब वाकलेला नाही.

बदली होऊन नव्यानेच आलेल्या बँक मॅनेजरची बायको एकदा फोटो न्यायला आली. दर्शनी काचेच्या कपाटात मांडलेले फोटो ती निरखून बघत होती. औषधवाला होता, वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे सर होते, शिंप्याची तिन्ही मुलं होती. ती कौतुकाने काकूंना म्हणाली, "सगळी गल्लीच आहे की. यात तुम्ही कुठे आहात?"

"सगळ्यांत आहे," काकू म्हणाल्या. "मागे."

मॅनेजरची बायको हसली. काकाही हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की काकू हसत नाहीयेत.

संध्याकाळी दुकान बंद करताना काकू म्हणाल्या, "अहो, मला एक फोटो हवाय."

"कुणाचा?"

"माझा. दरवाजापुढे."

"एवढंच ना? उभी राहा, आत्ता काढतो."

"आणि पडदा कोण धरणार?"

काका कुलूप हातात धरून विचार करू लागले. वास्तविक दांडा पक्का करणं हे सुताराचं अर्ध्या तासाचं काम. पण तो सुतार कित्येक वर्षं 'येत्या आठवड्यात' येत होता, कारण त्याला बोलावण्याचं काम काकांकडे होतं.

"मला पडद्यापुढे नकोच," काकू म्हणाल्या. "खऱ्या दरवाजापुढे हवाय. तो म्हणे आपला आपण उभा असतो."

हे बोलणं काकांना लागलं. लागलं की ते मोठे निर्णय घेत. "ठरलं," ते म्हणाले. "जायचं. स्टुडिओ बंद ठेवून जायचं. मोठा कॅमेरा, स्टँड, सगळं घेऊन."

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. काकांनी ही गोष्ट शेजारच्या औषधवाल्याला सांगितली. औषधवाल्याकडे गल्लीतली सगळी माणसं खोकत-शिंकत येत, आणि जाताना गोळ्यांबरोबर ताजी बातमीही घेऊन जात. दुपारपर्यंत काकांच्या सहलीवर ज्याचं काहीच मत नाही असा माणूस गल्लीत उरला नाही.

औषधवाला स्वतः एक खोकं भरून घेऊन आला. वाळू डोळ्यात गेली तर हे थेंब, नाकात गेली तर हे, पोटात गेली तर ह्या गोळ्या. विंचवासाठी मलम. साप चावला तर पायाला बांधायला पट्टी.

"आणि मग?" काकांनी विचारलं.

"मग काय, बांधून स्वस्थ पडायचं. घाबरायचं नाही."

भूगोलाचे सर जिना उतरून खास आले. सरांनी उभा जन्म मुलांना वाळवंट शिकवलं होतं आणि वाळूशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध घराला गिलावा करताना आला होता तेवढाच. ते म्हणाले, "वाळवंटात दिवसा भाजून निघतं आणि रात्री गोठायला होतं. मी हे परीक्षेत दरवर्षी विचारायचो." परीक्षेत विचारलेली गोष्ट खोटी कशी असेल? तेव्हा छत्र्या आल्या, पाण्याचे कॅन आले, आणि त्यांच्या जोडीला दोन जाड रजया, स्वेटर, कानटोप्या आणि औषधवाल्याची गरम पाण्याची रबरी पिशवीही आली. काकूंनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. ट्रंक भरल्यावर ती उचलून बघण्याची कल्पना काकांचीच. त्यानंतर त्यांनी औषधवाल्याचं कंबरेला चोळायचं मलमही ट्रंकेत टाकलं.

आणि जाता जाता सर म्हणाले, "स्टँडवरच्या कॅमेऱ्याला तिथे परवाना लागतो हं. धंदेवाईक समजतात."

काकू म्हणाल्या, "मग स्टँड कशाला? शिंप्याच्या मुलाकडे छोटा डबीसारखा कॅमेरा आहे. तो मागून घेऊ."

आचाऱ्याला कुणी खानावळीचा डबा लाव म्हटल्यासारखं काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. तिचा पहिला फोटो, तोही खऱ्या दरवाजापुढे, आणि तो शिंप्याच्या मुलाच्या डबीने काढायचा? परवाना म्हणजे अशी काय मोठी गोष्ट आहे, ते म्हणाले. मी सभ्य माणूस आहे, माझी कला प्रसिद्ध आहे, जातो आणि घेऊन येतो.

परवान्याच्या कचेरीत एक साहेब बसले होते. टेबलावर काच, काचेखाली हिरवं कापड, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर आपल्याला कुणीतरी फसवायला आलंय अशी कायमची शंका. काकांनी अर्ज दिला. व्यवसाय या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात 'छायाचित्रकार' लिहिलं होतं.

"कामाचा नमुना?" साहेब म्हणाले.

काका याचीच वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून आपले निवडक फोटो काढून काचेवर पत्त्यांसारखे मांडले. साहेबांनी एक उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. दुसरा उचलला. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू विनयाचे भाव जमू लागले.

"हा दरवाजापुढचा आहे," साहेब म्हणाले.

"हो," काका विनयाने म्हणाले.

"हाही."

"सगळेच."

"याचे परवाने कुठे आहेत?"

काकांना प्रश्न कळला नाही.

"इतकी वर्षं तुम्ही संरक्षित वास्तूपुढे धंदेवाईक फोटो काढताय. बाळं निजवलीत तिथे, खुर्च्या मांडल्यात. आणि आज पहिला अर्ज करताय?"

आयुष्यात एवढी मोठी दाद काकांना कुणी दिली नव्हती. सरकारी माणसाला त्यांचा पडदा खरा वाटला होता. एक क्षण त्यांना वाटलं, गुन्हा कबूल करून टाकावा. पण मग ते भानावर आले आणि पडदा, पेंटर, कॅलेंडर, उंदीर, उंट असं सगळं भडाभडा सांगून गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असं सगळेच म्हणतात," ते म्हणाले.

याआधी कुणी हे म्हटलं असेल असं काकांना वाटलं नाही. पण साहेबांचं म्हणणं स्पष्ट होतं. पडदा असेल तर तो समोर आणून दाखवा. नाहीतर परवाना राहिला बाजूला, मागच्या सगळ्या फोटोंचा खुलासा द्यावा लागेल.

काका घरी आले आणि पाणीसुद्धा न पिता खुर्चीत बसले. काकूंनी सगळं ऐकलं. ट्रंकेचं झाकण उघडून त्यांनी एक रजई काढली आणि परत कपाटात ठेवली. मग दुसरी. "राहू दे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं चाललंच की."

त्या चिडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. चिडण्यावर त्यांच्याकडे उत्तरं होती. ते उठले, कपाटातली रजई त्यांनी स्वतः काढून पुन्हा ट्रंकेत कोंबली आणि हातगाडीवाल्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी गुंडाळलेला पडदा हातगाडीवर घालून वरात निघाली. पुढे काका, मागे काकू, कडेने औषधवाला आणि सर, कारण अशा प्रसंगी शेजाऱ्याला एकटं सोडणं दोघांनाही जमलं नसतं. साहेबांच्या खोलीत पडदा मावेना. शेवटी तो जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडला, आणि कचेरीच्या मधल्या दालनात अख्खा दरवाजा उभा राहिला. टंकलेखन थांबलं. एकेक खुर्ची मागे सरकली. साहेब खोलीतून बाहेर आले, पडद्याजवळ गेले आणि त्यांनी उंटाला बोटाने टोचून पाहिलं.

"ठिगळ आहे," ते म्हणाले.

"मी म्हटलं होतं," काका म्हणाले.

साहेब दोन पावलं मागे सरकून वरपर्यंत बघू लागले. मग त्यांचा तो शंकेखोर चेहरा थोडा सैल पडला. "मी स्वतः कधी गेलो नाही तिकडे," ते हळूच म्हणाले. "परवाने इथूनच द्यावे लागतात ना. सुटी मिळत नाही." आणि त्यांनी विचारलं, "कॅमेरा आणलाय का?"

कॅमेरा आणला होता. आधी साहेबांचा एकट्यांचा झाला. मग साहेब आणि सगळी कचेरी. मग टंकलेखिका आणि तिची मैत्रीण, मग शिपाई, मग खालच्या मजल्यावरून आपणहून आलेले हिशेब खात्याचे लोक. दालनात पंखे जोरात फिरत होते. "अगं, जरा धर," काका काळ्या कापडाखालून म्हणत राहिले, आणि काकू जिन्याखाली उभ्या राहून कोपरा ताणून धरत राहिल्या. स्वतःच्या एका फोटोसाठी त्या दिवशी त्यांनी अख्ख्या सरकारी कचेरीला धरून ठेवलं.

परवाना मिळाला. साहेबांनी स्वतः शिक्का मारला. काकांनी सहज विचारलं, "आता तिथे बाकी काही अडचण नाही ना?"

"आमचं काम परवान्याचं," साहेब म्हणाले. "दरवाजाचं काय ते वरच्या मजल्यावर बघतात."

वरच्या मजल्यावर जायला आणखी एक जिना चढावा लागला असता, आणि काकांच्या खांद्यावर पडदा होता.

प्रवासाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ट्रंक प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत शेवटी उतरली आणि प्रत्येक वेळी काकांच्याच पायाशी. वाळवंटात रात्री खरंच थंडी पडते का, हे समजलं नाही. मुक्कामाच्या खोलीत इतकं उकडत होतं, की रजया अंथरून दोघं दाराशी बसून राहिली आणि सरांच्या नावाने अधूनमधून काहीतरी पुटपुटली. सकाळी काकूंनी नवी साडी नेसली. पदर दोनदा सोडून दोनदा लावला. मोटारीतून उतरून टेकाड चढेपर्यंत त्या काकांच्या पुढेच होत्या. टेकाडावर पोहोचल्यावर मात्र दोघंही थांबली.

समोर पसरलेल्या वाळूत तो दरवाजा उभा होता. आणि हलत होता.

काकांनी चष्मा पुसला. दरवाजाच्या डाव्या खांबाच्या पोटात कळ आली, तो वाकला आणि पुन्हा सरळ झाला. जवळ गेल्यावर उलगडा झाला. दरवाजाची डागडुजी चालू होती. भोवती लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारला होता, आणि लांबून आलेल्या प्रवाशांची निराशा होऊ नये म्हणून सांगाड्यावर भलंमोठं कापड ताणून त्यावर दरवाजाचं चित्र छापलं होतं.

काका वाळूतच बसले. ज्या माणसाने अख्ख्या गावाला कापडी दरवाजापुढे उभं केलं, तो माणूस दोन मोटारी, एक आगगाडी आणि एवढा मोठा परवाना करून कापडी दरवाजा बघायला आला होता. त्यातही हे कापड छापील. सावल्या चुकीच्या बाजूला पडल्या होत्या, आणि उंटसुद्धा नव्हता. हे दुःख त्यांना सांगायचं होतं, पण काकूंकडे बघायची हिंमत होईना. पाहिलं तेव्हा काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. इतक्या हसत होत्या, की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, हे काकांना सांगता आलं नसतं.

शेवटी डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आलोच आहोत तर काढा."

तेवढ्यात पहारेकरी आला. काकांनी घाईघाईने परवाना पुढे केला.

"हा दरवाजाचा आहे," पहारेकरी वाचून म्हणाला. "पडद्याला परवाना लागत नाही."

काकांनी परवान्याची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. त्यांनी स्टँड उभा केला, उजेड पाहिला, काळ्या कापडाखाली डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर काकू उलट्या दिसत होत्या. हनुवटी जरा वर होती, हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मागचा खांब वाऱ्याने पुन्हा वाकला. आणि काका सवयीने म्हणाले, "अगं, जरा धर."

काकूंनीही सवयीने हातातली पर्स वाळूत ठेवली आणि पडद्यामागे जायला निघाल्या. चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या. काकांनी कापडातून डोकं बाहेर काढलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि काकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. पडद्याची नव्हे, परवान्याची नव्हे, त्या 'जरा'ची.

"तू थांब तिथेच," ते म्हणाले. "मी धरतो."

"मागे कुणाला सोडत नाहीत," पहारेकरी म्हणाला. मग काकूंच्या साडीकडे पाहून त्याने मान दुसरीकडे वळवली. "जा. एरवी लोकांसाठी तो कोपरा मीच धरतो. दिवसभर हात भरून येतो."

"मग कळ तुम्ही दाबा," काका म्हणाले. आपला मोठा कॅमेरा त्यांनी आजवर परक्याच्या हाती दिला नव्हता. त्यांनी पहारेकऱ्याला कळ कुठे आहे, श्वास कधी रोखायचा, बोट कसं अलगद दाबायचं हे सगळं समजावलं. पहारेकऱ्याने "हो हो" म्हटलं, तेव्हाच याच्या काही लक्षात आलेलं नाही हे काकांना कळून चुकलं.

ते कापडाच्या मागे शिरले. मागे सावली होती, नळ्या होत्या, आणि हातभर अंतरावर खरा दरवाजा होता. पेंटरने काढला तसा तो गुलाबी नव्हता, मातकट होता, आणि त्याच्यावर कुण्या जुन्या हातांनी मारलेल्या छिन्नीच्या खुणा होत्या. पण काका त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांनी कोपरा दोन्ही हातांनी ताणून धरला होता, आणि पलीकडच्या उन्हामुळे कापडावर काकूंची सावली पडली होती. लहानशी सावली, केस सारखे करणारी. इतकी वर्षं हिने हेच पाहिलं असेल, त्यांच्या मनात आलं. सगळ्या गल्लीच्या सावल्या. मग ते आतून ओरडले, "हनुवटी जरा खाली. हां. हात मोकळे सोड. आता हस थोडीशी."

बाहेर कळ दाबल्याचा आवाज झाला.

"झालं," पहारेकरी म्हणाला.

"तू मागे ये," काका म्हणाले. "बघून घे."

काकू आत आल्या. दोघं त्या अरुंद सावलीत शेजारी शेजारी उभी राहिली. काकूंनी दगडाला हात लावला, वरपासून खालपर्यंत दरवाजा पाहिला, उजवीकडे खाली वाकून पाहिलं.

"उंट नाही," त्या म्हणाल्या.

"ठिगळ लागलं नसेल अजून," काका म्हणाले, आणि मग मात्र दोघंही हसली.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी काकांनी अंधारखोलीत लाल दिवा लावला आणि काकूंना शेजारी उभं केलं. ताटलीतल्या रसायनात कागद हळूहळू काळा होऊ लागला. कळ दाबताना पहारेकऱ्याने स्टँडसकट कॅमेरा तिरका केला होता. निम्मा कागद आकाशातच गेला होता. मग काकू उमटल्या, नवी साडी, हनुवटी बरोबर खाली. मग दरवाजा उमटला, डावा खांब ताठ. आणि खांबाच्या तळाशी, कापड जिथे संपत होतं त्याच्या खाली, दोन बूट उमटले. वाळूने भरलेले, टाचा जुळवून उभे असलेले.

"कापून टाकतो," काका म्हणाले. "खालचा भाग कापतो, वरून आकाशही थोडं कमी करता येईल."

"हात लावाल तर बघा," काकू म्हणाल्या.

तो फोटो आहे तसाच काचेच्या कपाटात मधोमध लागला, साहेबांच्या कचेरीच्या फोटोच्या वर. औषधवाल्याने येऊन आपल्या थेंबांचा उपयोग झाला का, हे विचारलं. सरांनी तिरकेपणाचं कारण वारा असं सांगितलं. सुतारही एकदाचा येऊन दांडा पक्का करून गेला, कारण या वेळी काका त्याला घरून हाताला धरून घेऊन आले.

काही दिवसांनी बँक मॅनेजरची बायको पुन्हा आली. कपाटापुढे थांबली, काकूंचा फोटो पाहून तिला मनापासून आनंद झाला. "आलात की नाही शेवटी यात," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्ही गेला नव्हता का?"

काकांनी काचेवर बोट ठेवलं, अगदी खाली, बुटांपाशी.

"हा काय," ते म्हणाले. "मागे."